इंटेल: ऑगस्ट २०२४ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत काय झालं, आणि आमच्या १३व्या-१४व्या पिढीच्या मशीनांचं काय करायचं?

रामबागकर, इंदूर (ऑगस्ट २०२५ अखेर)

नमस्कार मंडळी. संस्थेच्या कार्यालयात आणि संगणकवर्गात मिळून नऊ डेस्कटॉप आहेत, सगळे असेंबल केलेले, सगळे इंटेलचे.

एक आय९-१३९००के, झेड७९० बोर्ड, डिसेंबर २०२२ची खरेदी. कार्यक्रमांचं व्हिडिओ एडिटिंग याच्यावर होतं.
दोन आय७-१४७००, बी७६० बोर्ड, फेब्रुवारी २०२४. डीटीपी आणि टॅली सर्व्हर.
सहा आय५-१३४००, एच६१० बोर्ड, २०२३. वर्गातली मशीन.

सगळी व्यवस्थित चालू आहेत, एकही क्रॅश नाही. पण १३व्या-१४व्या पिढीचे प्रोसेसर खराब होतात असं जो तो सांगतो. तर काही होत नसताना बायोसला (मदरबोर्डच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरला) हात लावावा का? दुसरं म्हणजे दिवाळीआधी चार कार्यालयीन मशीन आणि एडिटिंगसाठी एक नवं घ्यायचं आहे, तेव्हा इंटेलच घ्यावं का? आणि तिसरा प्रश्न कार्यकारिणीतल्या काकांचा: कंपनीत आता अमेरिकी सरकारचा हिस्सा आलाय म्हणे, वर्षभर नुसत्या तोट्याच्या आणि नोकरकपातीच्या बातम्या, उद्या वॉरंटी कोण देणार?

---

सोल्डर

नऊपैकी तीनच मशीनकडे लक्ष द्या. इंटेलनं वाढीव वॉरंटीसाठी २४ डेस्कटॉप प्रोसेसरांची यादी जाहीर केली आहे. १३व्या पिढीतले १३६००के आणि केएफ, १३७०० घराण्यातले पाच, १३९०० घराण्यातले पाच. १४व्या पिढीत हेच बारा त्याच क्रमानं. नुसते 'के' वालेच नव्हे, साधे १४७०० आणि १३९०० सुद्धा त्यात येतात. इथेच बरेच जण फसतात. तुमचे दोन्ही आय७ यादीत आहेत, आय९ तर आहेच. १३४०० यादीत नाही. ती सहा मशीन सोडून द्या.

आता नेमकं बिघडतं काय. प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याला (कोअरला) ठोके पोचवणारं एक जाळं असतं, क्लॉक ट्री. या पिढ्यांत ते जाळं जास्त व्होल्टेज आणि उष्णता एकत्र आली की लवकर म्हातारं होतं. ठोक्याचा चालू भाग आणि बंद भाग यांचं प्रमाण बिघडतं, आणि मग त्याच वेगाला पूर्वीपेक्षा जास्त व्होल्टेज लागायला लागतं. म्हणून इंटेलनं नाव दिलं व्हीमिन शिफ्ट, म्हणजे किमान व्होल्टेज सरकणं. व्होल्टेज कमी पडलं की गाभा चुकीचं उत्तर देतो, पण मशीन लगेच बंद पडेलच असं नाही. त्यामुळे सुरुवातीची लक्षणं भलत्याच ठिकाणी दिसतात: झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल खराब असल्याचा निरोप), ग्राफिक्स ड्रायव्हरचा इन्स्टॉलर मधेच फाटणं, अनरियल इंजिनच्या गेममध्ये कार्डात मेमरी भरपूर असताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा निरोप. लोक रॅम बदलतात, ग्राफिक्स कार्ड बदलतात, विंडोज नव्यानं टाकतात. दोष तिथे नसतोच.

एवढं व्होल्टेज जात का होतं, याची सप्टेंबर २०२४च्या खुलाशात चार कारणं आहेत. एक, बोर्ड कंपन्यांनी इंटेलच्या मर्यादा धाब्यावर बसवून ठेवलेल्या पॉवर सेटिंग. दोन, ईटीव्हीबी नावाच्या जादा-वेगाच्या गणितातली चूक. गाभा गरम असतानाही तो वेग मिळत राहायचा. यावर उपाय मायक्रोकोड ०एक्स१२५ (मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, बायोस अपडेटसोबत येतात). तीन, प्रोसेसर स्वतःच वारंवार आणि जास्त वेळ चढं व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४चा ०एक्स१२९, त्यात १.५५ व्होल्टच्या वरची मागणी कापली. चार, मशीन रिकामं किंवा हलक्या कामावर असताना मागितलं जाणारं जास्तीचं व्होल्टेज. त्यासाठी ०एक्स१२बी, आणि यात आधीचे दोन्ही आले. मे २०२५मध्ये ०एक्स१२एफ आला, तो दिवसचे दिवस हलक्या कामावर चालू राहणाऱ्या मशीनांसाठी. तुमचा टॅली सर्व्हर अगदी त्यातलाच.

तर 'काही होत नसताना बायोस कशाला' या प्रश्नाचं उत्तर: होत नाही म्हणूनच. झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडनं बरा होत नाही. नुकसान झाल्यावर बदलून घेणं एवढाच मार्ग उरतो.

आत्ता काय आहे ते असं बघा. रेजिस्ट्री एडिटर उघडा, एचकी लोकल मशीन (HKEY_LOCAL_MACHINE), मग हार्डवेअर, डिस्क्रिप्शन, सिस्टिम, सेंट्रल प्रोसेसर, आणि शून्य नावाचा फोल्डर. उजवीकडे 'अपडेट रिव्हिजन' दिसेल. त्यातल्या जोड्या उलट्या वाचायच्या: '२बी ०१' असेल तर ०एक्स१२बी, '२९ ०१' असेल तर ०एक्स१२९. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर टाकलं तर तोच आकडा सरळ दिसतो. तिन्ही मशीनचे आकडे इथे टाका.

---

मल्हारी

सोल्डरभाऊंनी कारण सांगितलं, मी कृती लिहितो. बायोस अपडेट अवघड नाही, पण ज्या चार-पाच ठिकाणी माणूस अडकतो ती ठरलेली आहेत.

बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन आधी टिपून घ्या. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' मिळेल, पण रिव्हिजन बऱ्याचदा फक्त बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेलं असतं. एकाच नावाच्या बोर्डाचं १.० आणि १.१ असेल तर फाइल वेगळी असू शकते. बी७६०मध्ये नावाच्या शेवटी डी४ (डीडीआर४ रॅमवाला) आहे की नाही यावरही फाइल बदलते.

फाइल बोर्ड कंपनीच्या पानावरूनच घ्या. वर्णनात ०एक्स१२एफ लिहिलेलं सगळ्यात नवं स्थिर व्हर्जन निवडा, बीटा नको. काही बोर्डांना मॅनेजमेंट इंजिनचं फर्मवेअर वेगळं टाकावं लागतं. आधी कुठलं आणि नंतर कुठलं ते त्याच पानावर लिहिलेलं असतं, तो क्रम मोडू नका.

३२ जीबी किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह, एफएटी३२ फॉरमॅट. एनटीएफएस असेल तर बायोसला तो बहुधा दिसतच नाही, आणि लोक पेनड्राइव्ह खराब म्हणून टाकून देतात.

बिटलॉकर: विंडोज ११मध्ये कधी कधी तुम्ही चालू न करताही डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते. कंट्रोल पॅनेलमध्ये 'सस्पेंड' करा, आणि तरीही ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोस बदलला की टीपीएम या सुरक्षा चिपमधल्या नोंदी बदलतात आणि विंडोज ती की मागतं. कीच नसेल तर डेटा गेला असं समजा. टॅली सर्व्हरचा बॅकअप त्याच डिस्कवर नको, बाहेरच्या डिस्कवर.

जुन्या सेटिंगचे मोबाइलनं फोटो काढा. विशेषतः स्टोरेजचं पान: व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) चालू आहे की बंद. अपडेटनंतर सगळं मूळपदावर येतं, आणि व्हीएमडी बदललं की विंडोज निळा पडदा दाखवून बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतं. घाबरून फॉरमॅट करू नका, सेटिंग परत फिरवलं की सुरू होतं.

लाइट. इंदूरला पावसाळ्यात दुपारनंतर दोन-दोन सेकंदांचे झटके येतातच. यूपीएसशिवाय बायोस फ्लॅश करायचा (म्हणजे नवा चढवायचा) नाही, आणि त्या यूपीएसची बॅटरी जिवंत आहे का ते आधी बघायचं: मशीन चालू असताना भिंतीतला प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. तग धरला तरच पुढे. फ्लॅशला तीन ते दहा मिनिटं लागतात. मधे पडदा काळा होतो, मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतं, पंखे जोरात फिरतात. बटण दाबायचं नाही. बहुतेक बोर्ड इथेच मरतात, लाइटनं कमी, उतावळेपणानं जास्त.

फ्लॅश विंडोजमधून करू नका. बायोसच्या आतलं साधन वापरा: असूसमध्ये ईझेड फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश, एएसरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश. झेड७९०च्या मागच्या बाजूला बहुधा फ्लॅशबॅकचं बटण असतं, म्हणजे फ्लॅश फसला तरी बोर्ड वाचवता येतो. स्वस्त बी७६०वर ते असेलच असं नाही, म्हणून पहिला हात आय९वर साफ करा.

---

पिन४५२

एवढा व्याप कशाला? पॉवर लिमिट १२५ वॅटवर आणून ठेवा, प्रोसेसर थंड राहील, विषय संपला.

---

सोल्डर

नाही संपत. पूर्ण भारावर, म्हणजे सगळे गाभे रेंडरला लागलेले असताना, व्होल्टेज उलट खाली असतं. तिथे वॅट जास्त आणि व्होल्ट कमी. धोका हलक्या कामात आहे: एक-दोन गाभे एकदम ५.८ गिगाहर्ट्झला उडी मारतात आणि त्या क्षणी सगळ्यात चढं व्होल्टेज मागतात. एकूण वीज तेव्हा पन्नास-साठ वॅटसुद्धा नसते, त्यामुळे तुमच्या १२५च्या मर्यादेला त्याचा पत्ताच लागत नाही. पॉवर लिमिटनं उष्णता आटोक्यात राहते, ती ठेवाच, पण मायक्रोकोडची जागा ती घेत नाही.

बायोस टाकून झाल्यावर 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' हे प्रोफाइल निवडा आणि मग एकेक ओळ तपासा. १३९००केला अल्पकालीन मर्यादा २५३ वॅट, साध्या १४७००ला २१९. पूर्वी बरेच बोर्ड इथे ४०९६ लिहून मोकळे व्हायचे, म्हणजे मर्यादाच नाही. करंटची मर्यादा, आयसीसी मॅक्स, १३९००केला ३०७ अँपिअर. 'एक्स्ट्रीम' प्रोफाइलमध्ये ४००, त्याच्या वर कधीच नाही. सीईपी (करंटविषयक संरक्षण) चालू, सी-स्टेट (रिकाम्या गाभ्याची झोप) चालू, टीव्हीबी आणि ईटीव्हीबी चालू. सी-स्टेट बंद करा म्हणून सांगणारे जुने व्हिडिओ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. रिकाम्या वेळी गाभ्याला झोपू दिलं नाही तर तो फुकट व्होल्टेज खात बसतो.

असूसच्या बोर्डावर एक सापळा आहे. एसव्हीआयडी बिहेवियरमध्ये 'इंटेल्स फेल सेफ' असा पर्याय दिसतो. नाव ऐकून वाटतं हाच सुरक्षित. तो एसी लोडलाइन चढवून व्होल्टेज वर नेतो, जेणेकरून वाईटात वाईट प्रोसेसरही अडू नये. आपल्याला नेमकं उलट हवंय. तिथे ऑटो किंवा 'टिपिकल' ठेवा.

नंतर एचडब्ल्यूइन्फो अर्धा तास चालू ठेवून ब्राउझर, वर्ड, असलंच हलकं काम करा, आणि व्हीआयडीचा (प्रोसेसर मागतो त्या व्होल्टेजचा) कमाल रकाना बघा. १.५५च्या आत राहायला हवा. इंदूरच्या मे महिन्यात खोली ३६-३७ अंशांवर असते. एसी नसलेल्या खोलीत आय९वर २५३ वॅट सोडायचे तर ३६० मिमीचा लिक्विड कूलरही घायकुतीला येतो. दीर्घकालीन मर्यादा १२५वर ठेवली तर रेंडर थोडं लांबेल, संपादनात फरक जाणवणार नाही. तेवढ्यापुरतं पिन४५२ यांचं म्हणणं बरोबर.

---

ताळेबंद

काकांच्या प्रश्नाकडे येतो. वर्ष मोजायचंच तर १ ऑगस्ट २०२४ पासून मोजा.

त्या दिवशी एप्रिल-जून तिमाहीचा निकाल आला: १६० कोटी डॉलर तोटा, सुमारे १५,००० नोकऱ्यांची कपात, आणि चौथ्या तिमाहीपासून लाभांश बंद. दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के पडला. गंमत बघा, वर सोल्डर ज्या वाढीव वॉरंटीबद्दल सांगतायत तिची घोषणा त्याच आठवड्यातली.

दुखणं प्रोसेसर विकण्यात कमी आणि बनवण्यात जास्त आहे. पॅट गेल्सिंगर फेब्रुवारी २०२१मध्ये मुख्याधिकारी झाले आणि त्यांनी ठरवलं की इंटेलनं स्वतःचे कारखाने टिकवायचे, शिवाय दुसऱ्यांच्या चिपही बनवायच्या. ॲरिझोना, ओहायो, जर्मनीत माग्डेबुर्ग, पोलंड, अशा सगळीकडे एकदम योजना. पैसा आज जातो, कारखाना काही वर्षांनी कमावतो. एकट्या फाउंड्री (चिप बनवणाऱ्या) विभागाचा २०२३चा कामकाजाचा तोटा ७०० कोटी डॉलर. सप्टेंबर २०२४मध्ये त्यांनी चिप बनवण्याची २०ए ही प्रक्रिया गुंडाळून सगळं बळ पुढच्या १८ए प्रक्रियेवर लावलं. त्या वर्षातल्या दोन्ही मोठ्या प्रोसेसरांचे, सप्टेंबरच्या ल्युनर लेकचे आणि २४ ऑक्टोबरच्या ॲरो लेकचे, मुख्य गाभे तैवानच्या टीएसएमसीकडे बनले. शेतकऱ्यानं बाजारातून भाजी विकत आणण्यासारखं आहे हे: पोट भरतं, पण शेताचा खर्च चालूच राहतो.

३१ ऑक्टोबरला तिमाही तोटा १,६६० कोटी डॉलर, कंपनीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. पण तो आकडा तेवढी रोकड गेली म्हणून नाही. त्यातला मोठा भाग यंत्रसामग्री आणि गुडविलची किंमत पुस्तकात उतरवली, करविषयक मालमत्तेवर तरतूद केली, असल्या नोंदींचा आहे. ८ नोव्हेंबरला डाऊ निर्देशांकातून इंटेल बाहेर आणि एनव्हिडिया आत. अमेरिकेच्या चिप्स कायद्याखालचं (देशात चिप कारखाने उभारण्यासाठीचं) अनुदान मार्चमध्ये ८५० कोटी ठरलं होतं, नोव्हेंबर अखेरीस करार झाला तो ७८६ कोटींचा. १ डिसेंबरला गेल्सिंगर गेले. डेव्हिड झिन्सनर आणि मिशेल जॉन्स्टन होल्टहाउस या दोघांनी तात्पुरता कारभार बघितला. १८ मार्च २०२५ पासून मुख्याधिकारी लिप-बू टॅन.

टॅन यांचा खाक्या वेगळा. एप्रिलमध्ये अल्टेरा या उपकंपनीतला ५१ टक्के हिस्सा सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरलं. २४ जुलैला जाहीर केलं: वर्षअखेर मूळ कंपनीत सुमारे ७५,००० माणसं, जर्मनी आणि पोलंडचे प्रकल्प रद्द, ओहायो हळू, कोस्टा रिकातलं जुळणी-चाचणीचं काम व्हिएतनाम आणि मलेशियाला. मग ऑगस्ट २०२५मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेचे २०० कोटी डॉलर, आणि २२ तारखेला सरकारचा सौदा: २०.४७ डॉलर भावानं ४३.३३ कोटी शेअर, ९.९ टक्के, ८९० कोटी डॉलर. हा नवा पैसा नव्हे. ५७० कोटी चिप्स अनुदानातले न दिलेले आणि ३२० कोटी सिक्युअर एन्क्लेव्ह या संरक्षणविषयक कार्यक्रमातले. अनुदानाच्या बदल्यात शेअर घेतले असं म्हणा. संचालक मंडळावर सरकारची खुर्ची नाही.

काकांना एवढंच सांगा: वॉरंटी ही कंपनीची जबाबदारी आहे, भागधारक बदलला म्हणून ती सरकत नाही. आणि वर्षाला ५,३०० कोटी डॉलरची विक्री असलेली कंपनी (२०२४चा आकडा) दिवाळीपर्यंत गायब होत नसते. तुमच्या वॉरंटीला खरा धोका अमेरिकेतून नाही, कपाटातल्या बिलातून आहे.

---

रामबागकर, इंदूर

सगळ्यांचे आभार. तिन्ही आकडे घेतले. आय९: '२५ ०१'. पहिला १४७००: '२९ ०१'. टॅली सर्व्हर: '२९ ०१'.

बिलं शोधली. आय९चं पक्कं बिल आहे, जीएसटीसह, डबाही आहे. दोन्ही १४७००चं बिल पक्कं आहे पण वर नुसतं 'प्रोसेसर आय७' लिहिलंय, डबे नाहीत. वॉरंटी नक्की किती, आणि डब्याशिवाय मिळेल का? शिवाय आय९वर 'मेड इन व्हिएतनाम' आहे, एका १४७००वर मलेशिया. एकात काही खोट तर नाही?

---

सोल्डर

आकड्यांवरून: आय९ला ईटीव्हीबीची दुरुस्ती आहे, पण १.५५ची मर्यादा नाही. तो आधी करा. सर्व्हर दुसरा, कारण तो २४ तास चालू असतो. तिसरा सवडीनं.

बायोसनंतर आय९ची एक चाचणी घ्या, तो पावणेतीन वर्षं जुन्या मायक्रोकोडवर राबलाय. नुसती सिनेबेंच ही चाचणी मल्टी-कोअरवर लावून 'पास' म्हणू नका, कारण तो भार चढ्या व्होल्टेजचा नाही. सिंगल-कोअर अर्धा तास, सेव्हन-झिपचा बेंचमार्क वीस फेऱ्या, आणि एनव्हिडिया कार्ड असेल तर ड्रायव्हरची फाइल ओळीनं दहा वेळा उघडून बघा. सोबत इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'WHEA-Logger' (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) नावाखाली १९ क्रमांकाच्या नोंदी शोधा. एकही चूक नको. एक जरी आली तर आधी रॅमचं एक्सएमपी (वाढीव वेगाचं सेटिंग) बंद करून पुन्हा करा. तरीही आली तर प्रोसेसर.

व्हिएतनाम-मलेशियावर जाऊ नका. ते जुळणीचं आणि चाचणीचं ठिकाण आहे. सिलिकॉन कुठल्या कारखान्यात भाजलं याचा त्या छाप्याशी संबंध नाही. बाजारात 'कोस्टा रिका वाला चांगला' असं सांगून दोनशे रुपये जास्त मागणारेही भेटतात.

---

मल्हारी

वॉरंटीचं असं आहे. डब्यातल्या प्रोसेसरला मूळ तीन वर्षं, यादीतल्या २४ना आता पाच, खरेदीच्या तारखेपासून. म्हणजे आय९ डिसेंबर २०२७पर्यंत. वाढ मिळाली नसती तर येत्या डिसेंबरात मुदत संपत होती.

डबा नसेल तर प्रश्न असा की तो प्रोसेसर डब्याचा होता की ट्रेचा. ट्रे म्हणजे खोक्यातून सुटा आलेला, मशीन बनवणाऱ्या कंपन्यांसाठीचा; सिल्व्हर मॉलपासून जेल रोडपर्यंत कुठेही तो थोडा स्वस्त पडतो. वाढीव दोन वर्षं ट्रेलाही आहेत, पण ट्रेची तक्रार थेट इंटेलकडे जात नाही, ज्यानं विकला त्याच्यामार्फत जाते. म्हणून आत्ताच, मशीन ठीक असताना, विक्रेत्याकडून त्याच बिलाच्या संदर्भानं एक पत्र घ्या: मॉडेल, बॅच नंबर, डबा की ट्रे, शिक्का-सही. बिघडल्यावर मागितलं तर टोलवाटोलवी होते.

बॅच नंबर म्हणजे एफपीओ, प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर छापलेला. अनुक्रमांक, एटीपीओ, कडेला बारीक चौकोनी ठिपक्यांच्या खुणेपाशी. डबा असेल तर दोन्ही लेबलवर मिळतात. नसेल तर कूलर काढून पेस्ट पुसावी लागेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. त्यासाठी मुद्दाम कूलर उघडू नका, पुढच्या वेळी पेस्ट बदलाल तेव्हा फोटो काढून ठेवा. दोन्ही आकडे इंटेलच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाकले की मुदत दिसते, ट्रे असेल तर तसंही कळतं.

प्रोसेसर बदलायला पाठवायची वेळ आली तर बोर्डाच्या सॉकेटवर काळं प्लास्टिकचं झाकण बसवल्याशिवाय मशीन हलवू नका. पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात. एक वाकली की प्रोसेसर फुकट येतो आणि बोर्ड विकत घ्यावा लागतो.

---

पिन४५२

खरेदीबद्दल कुणी बोललं नाही, मी बोलतो. कार्यालयाच्या चार मशीनांना आय५-१४४०० पुरे: दहा गाभे, ६५ वॅट, यादीत नाही. पण एलजीए१७०० सॉकेट १४व्या पिढीवर संपलं, पुढची पिढी त्यात बसणार नाही. टॅली आणि डीटीपीसाठी त्यानं काही अडत नाही. बी७६० घेताना डीडीआर४ की डीडीआर५ ते बिलावर लिहून घ्या. जुनी डीडीआर४ रॅम पडून असेल तरच डीडीआर४चा बोर्ड घ्या.

पुढचा विचार असेल तर कोअर अल्ट्रा ५ २२५ आणि बी८६० बोर्ड. त्यात डीडीआर४ चालत नाही, हायपरथ्रेडिंग (एका गाभ्यावर दोन धागे) नाही. दहा गाभे म्हणजे दहाच धागे. व्हीमिन शिफ्टची भानगड ॲरो लेकमध्ये, म्हणजे याच कोअर अल्ट्रा मालिकेत, नाही, असं इंटेलनं स्पष्ट सांगितलंय. प्रोसेसरच्या नावामागे 'एफ' नको. एफमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसतं, आणि एडिटिंगच्या मशीनला तर ते हवंच: कॅमेऱ्याचं ४:२:२ दहा-बिट एचईव्हीसी फुटेज ११व्या पिढीपासूनचं क्विक सिंक (अंतर्गत ग्राफिक्समधली व्हिडिओची सोय) हार्डवेअरनं उलगडतं. त्याशिवाय टाइमलाइन अडखळते, मग ग्राफिक्स कार्डाला दोष दिला जातो.

एडिटिंगला कोअर अल्ट्रा ७ २६५के. वीस गाभे, कमाल २५० वॅट. ऑक्टोबर २०२४मध्ये आला तेव्हा गेममध्ये १४व्या पिढीच्याही मागे पडत होता, नंतर बायोस आणि विंडोजच्या दुरुस्त्या झाल्या. तरी नुसत्या गेमसाठी मी तो घेणार नाही. एप्रिलमध्ये आलेलं '२००एस बूस्ट' हे झेड८९०वर वॉरंटी न जाता आतल्या जोडण्यांचा वेग वाढवतं. त्यासाठी तशी रॅम लागते, तुम्हाला गरज नाही. १७००चा कूलर बहुधा बसतो, भोकांचं अंतर तेच आहे.

---

सोल्डर

एक भर. वेगळं कार्ड घ्यायचं झालं तर डिसेंबर २०२४ला आलेलं इंटेलचं आर्क बी५८० बघा: १२ जीबी मेमरी, १९० वॅट, अमेरिकेत २४९ डॉलरला उतरवलेलं. अट एकच, बायोसमध्ये रिसायझेबल बार आणि 'अबव्ह ४जी डिकोडिंग' चालू, सीएसएम बंद. ते बंद असेल तर कार्ड अर्धमेलं चालतं. कुठल्याही जुन्या, रिसायझेबल बार नसलेल्या मशीनमध्ये ते ढकलायचा विचार करू नका. रिकाम्या वेळी वीज जास्त खातं अशी तक्रार दिसली तर बायोसमध्ये एएसपीएम एल१ चालू करा आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसची लिंक स्टेट 'कमाल बचत'वर ठेवा.

---

रामबागकर, इंदूर

आय९चा बायोस झाला, आता '२एफ ०१' दिसतंय. अपडेटनंतर विंडोजनं ती ४८ आकडी की मागितलीच, कागदावर होती. सिंगल-कोअर आणि सेव्हन-झिप दोन्ही स्वच्छ. व्हीआयडी कमाल १.४७.

सर्व्हरच्या यूपीएसनं मात्र प्लग काढल्यावर चार मिनिटांतच मान टाकली.

---

मल्हारी

मग सर्व्हर आज नको. आय९चा यूपीएस रविवारी तिकडे लावा, बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्या, आणि टॅलीचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या मशीनवर एकदा उघडून बघा, मग फ्लॅश. जुन्या यूपीएसची बॅटरी बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची असते, बदलली की तोच यूपीएस पुन्हा कामाला येईल.